दिंडींतील जागा

‘बंधुसंघ’ हा शब्द कानीं पडला कीं इंग्रजी शिकलेल्या वाचकाच्या मनापुढें पहिल्यानें फ्रीमेसन लोकांचीं बंद दालनें येतात. तेथील खुणा, शपथा, पायरीपायरीनें मिळणारे मान आणि एकमेकांस ‘बंधु’ म्हणून घातलेली साद यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत खरें किती व कल्पनेचें किती हा भाग निराळा. परंतु सातारा जिल्ह्यांतील आमच्या कोरेगांव तालुक्याच्या मनुष्यास जुना बंधुसंघ पाहण्यासाठीं मुंबईस जावें लागत नाहीं. ज्येष्ठ वद्यांत वसनेच्या खोऱ्यांतील घेवड्याची पेरणी आटोपते न आटोपते तोंच खांद्यावर पताका व गळ्यांत टाळ अडकविलेले लोक कोरेगांव स्टेशनाची वाट धरतात. कोणी रेल्वेनें, कोणी जीपनें. पळशी, वाठार, आदर्की, सालपें मागें टाकून ते लोणंदास उतरतात आणि आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीस मिळतात.

वारकऱ्यांचा हा समुदाय म्हणजे एक बंधुसंघच होय. गळ्यांत तुळशीची माळ घालणें ही त्याची दीक्षा. पंधरवड्याची एकादशी पाळणें, मद्यमांस वर्ज्य करणें आणि वर्षांतून एकदां तरी पंढरीची वाट चालणें हे त्याचे नियम. दाराला कुलूप नाहीं, कारण दारच नाहीं. ओळखीची खूण म्हणाल तर एकच: भेट होतांच एकमेकांच्या पायां पडणें. साठ वर्षांचा म्हातारा सोळा वर्षांच्या पोराच्या पायांस हात लावतो, पोरगा त्याच्या पायांस लावतो, आणि दोघेही एकमेकांस ‘माउली’ म्हणतात. ज्यानें हें प्रथमच पाहिलें तो गोंधळून जातो. लहानानें मोठ्यापुढें वांकावें एवढेंच आपण शाळेंत शिकलेलों असतों.

या सोहळ्यास आजचें स्वरूप ज्यांनीं दिलें ते पुरुष आमच्याच बाजूचे. कोरेगांवाहून कांहीं कोसांवर, सातारा तालुक्यांत, आरफळ नांवाचें गांव आहे. तेथील हैबतराव पवार हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं सरदार होते. नोकरी सोडून गांवाकडे परतत असतां सातपुड्यांत भिल्लांनीं त्यांस पकडून गुहेंत कोंडलें, तेथें त्यांनीं हरिपाठाचा अखंड घोष चालविला आणि एकविसाव्या दिवशीं त्यांची सुटका झाली, अशी आख्यायिका संप्रदायांत सांगतात. पुढें ते आळंदीस येऊन राहिले. त्यापूर्वीं माउलींच्या पादुका गळ्यांत बांधून वारकरी पंढरीस जात असत. हैबतबाबांनीं सुमारें १८३२ सालीं त्या पालखींत ठेविल्या. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू व नैवेद्य यांची व्यवस्था मिळविली. आणि जो समुदाय वाट मिळेल तसा चालत असे त्यास लष्कराची शिस्त लावली. कोणत्या दिंडीनें कोणाच्या मागें चालावें, तळ कोठें पडावा, कर्णा वाजला म्हणजे काय समजावें, कोणत्या प्रहरीं कोणते अभंग म्हणावे, हें सारें ठरून गेलें. अंकली आज कर्नाटकांत, बेळगांव जिल्ह्यांत आहे. तरी घोडे अद्याप तेथूनच चालत येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तेथें माउली बसल्या आहेत असें मानतात. सोहळ्याचे मालक म्हणून आजही आरफळकर घराण्याचाच मान आहे.

आम्ही हें विस्तारानें सांगतों त्यास कारण आहे. ‘हें अनादि काळापासून असेंच चालत आलें आहे,’ असें वाक्य वाटेंत दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतें. अनादि कसलें? पंढरीची वारी फार जुनी खरी; पण तिची ही मांडणी साताऱ्यास प्रतापसिंह महाराज गादीवर होते तेव्हांची. तिचें वय दोनशें वर्षांच्या आंतच आहे. एका निवृत्त सरदारानें छावणींत पाहिलेली शिस्त भक्तीच्या कामीं लाविली, आणि ती आपल्या लोकांस इतकी शोभून दिसली कीं तिचा जन्म कोणास आठवेनासा झाला. परंपरा अशी कोणीतरी घडविलेली असते, हें आरफळच्या शेजाऱ्यांनीं तरी विसरूं नये.

या व्यवस्थेंत आम्हांस सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे संध्याकाळची समाज-आरती. पालखी तळावर आली कीं सर्व दिंड्या तिच्याभोंवतीं गोल उभ्या राहतात. हजारों टाळ एकाच वेळीं वाजत असतात. शेजारच्यानें कानांत ओरडून सांगितलेलेंही ऐकूं येत नाहीं. मग चोपदार आपली काठी वर उचलतात आणि ‘हो’ असा उंच स्वर काढतात. त्यासरशीं सारे टाळ थांबतात. एवढा मोठा नाद इतक्या झटकन् बंद पडलेला आम्हीं दुसरीकडे कोठें अनुभवला नाहीं. परंतु एखाद्या दिंडीचें कांहीं गाऱ्हाणें असेल, कोणी तिची चालण्याची जागा मोडली असेल, कोणाचें सामान हरवलें असेल, तर ती दिंडी थांबत नाहीं. त्या शांततेंत तिचेच तेवढे टाळ वाजत राहतात. चोपदार आवाजाच्या रोखानें तिच्याकडे जातात, गाऱ्हाणें ऐकून घेतात, आणि मगच पुढें आरती होते. नाना संस्थांच्या नियमावल्या आम्हीं वाचल्या आहेत. तक्रार कोणत्या नमुन्यांत, किती प्रतींत व किती दिवसांच्या आंत द्यावी हें त्यांत असतें. परंतु सर्वांस गप्प बसवून तक्रारदारासच तेवढें वाजवूं द्यावें, असा नियम आमच्या वाचनांत आलेला नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, या वर्तुळांत उभें कोणास राहतां येतें? टाळ वाजवून गाऱ्हाणें मांडावयाचें तर आधीं दिंडी हवी, दिंडीला क्रमांक हवा आणि दिंडींत आपणांस जागा हवी. रथापुढें २७ दिंड्या चालतात. रथामागें २०० हून अधिक. पूर्वीं ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांच्या दिंड्या या रांगेंत नव्हत्या. त्या घोड्यांच्याही पुढें, वेगळ्या चालत. पुढें चालणें हा मानच आहे, अशी कोणी त्यांची समजूत घाली. असेल, पण ज्या मानास अंतर राखावें लागतें त्याची बरोबरी रांगेंतल्या शेवटच्या जागेशींही होत नाहीं, असें आमचें मत आहे.

संतांची नामावळि पाहावी तर तींत शिंपी नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सांवतोबा, न्हावी सेना, सोनार नरहरी, दासी जनाबाई, श्रीगोंद्याचे शेख महंमद. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी पहिली आरती घेते ती अनगडशहांच्या दर्ग्यापाशीं. आणि याच संप्रदायांत चोखोबा मात्र महाद्वाराबाहेर राहिले. मंगळवेढ्यास बांधकामावर असतां भिंत कोसळून १३३८ सालीं ते गेले. त्यांची समाधि पंढरीस महाद्वारापाशीं, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. त्यांचे अभंग देवळांत गेले, ते स्वतः गेले नाहींत. १ मे १९४७ रोजीं साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. तें १० मे रोजीं सुटलें आणि देऊळ हरिजनांस खुलें झालें. मधल्या सहाशें वर्षांत किती आषाढी झाल्या हें वाचकांनींच मोजावें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बडव्यांचे पिढीजात हक्कही संपले.

देऊळ खुलें झालें, पंगतीचें काय? दिवसभर एका सुरांत गाणारे, एका पावलानें चालणारे लोक जेवावयाच्या वेळीं जातीजातीनें वेगळे बसत, हें इरावती कर्वे यांनीं आपल्या ‘वाटचाल’ या लेखांत नमूद करून ठेविलें आहे. मोठमोठ्या बंधुसंघांची खरी परीक्षा शपथेपाशीं होत नाहीं, ती दारापाशीं व ताटापाशीं होते. मुंबईच्या फ्रीमेसन लोकांनीं माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस प्रवेश दिला नाहीं, तेव्हां त्यांनीं पॅरिस येथें दीक्षा घेतली. पुढें १८४३ सालीं डॉक्टर जेम्स बर्न्स यांनीं हिंदी लोकांकरितां ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज काढिलें. समावेश झाला, पण वेगळें घर बांधून. १८४९ सालीं दादोबा पांडुरंग प्रभृतींची परमहंस सभा निघाली. तींत येणारानें ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें, असा दंडक होता. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास तिचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि सभा मोडली. त्या सभेपाशीं पंगत होती, पण रस्ता नव्हता. वारीपाशीं रस्ता होता, पण पंगत नव्हती.

साताऱ्यासही असा एक प्रयोग झाला, त्याचा उल्लेख या अंकाच्या वाचकांस आवडेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं तेथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत एका कुटुंबाप्रमाणें यावे, ही त्यांची इच्छा. अभंगाचा छंद व कीर्तनाची रीत टिळकांनीं या मातींतूनच उचलली होती. दोन वर्षांनीं ते वारले आणि दरबारास पुढें बळ राहिलें नाहीं.

आमचे वडील साताऱ्यास भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत शिकले. १९२४ सालीं सुरू झालेल्या त्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, आपल्या हातांनीं स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसत. तेथून रजा काढून ते एका वर्षीं आजोबांबरोबर वारीस गेले. लोणंदच्या तळावर आमच्याकडच्या मंडळींच्या तीन चुली पेटल्या: एक कुलकर्ण्यांची, एक पाटलांची व एक, पन्नास पावलें दूर, गांवच्या ओढ्यापलीकडच्या घरांची. वडिलांनीं विचारलें, ‘आबा, आपण सगळे माउली ना?’ आजोबा म्हणाले, ‘चालतांना माउली. चुलीपाशीं पाटील.’ हें उत्तर आमच्या घरांत पुढें म्हणीसारखें झालें. कोणी बोलण्यांत एक व करण्यांत दुसरें वागलें कीं आमची आई एवढेंच म्हणे, ‘चुलीपाशीं आले वाटतें.’

पुढें त्या तीन चुली एक झाल्या, त्या मात्र कोणाच्या व्याख्यानानें नव्हे. दिंडीनें सामानासाठीं ट्रक भाड्यानें घेतला. गॅसच्या शेगड्या आल्या, पाण्याचा टँकर आला, आणि तीन स्वयंपाकी ठेवणें परवडेनासें झालें. मग एक आचारी, एक मोठें पातेलें, एक पंगत. संतांनीं सातशें वर्षें सांगून जें झालें नाहीं तें ट्रकच्या भाड्यानें केलें, असें वडील हंसून म्हणत. आम्हांस यांत हंसण्यासारखें थोडें व विचार करण्यासारखें पुष्कळ दिसतें. कारण खर्चानें जोडलेली पंगत खर्चानेंच मोडूं शकते.

आणि ती तशी मोडूं लागली आहे. दिंडींत जेवावयाचें व तंबूंत निजावयाचें तर ‘भिशी’ भरावी लागते. खर्च वाटून घेतला पाहिजे हें आम्हांस मान्य आहे. ट्रकवाला कांहीं अभंगावर डिझेल घालीत नाहीं. पण भिशी वर्षोवर्ष वाढते आणि जो भरूं शकत नाहीं तो रांगेच्या कडेनें ‘मोकळा’ चालतो. गांवोगांवचे लोक वाढतील तें खातो, एखाद्या शाळेच्या ओसरीवर पडतो. पूर्वीं जात पाहून जागा ठरे; आतां पावती पाहून ठरते.

वाटही बदलली. जुन्या रस्त्यावरचीं सावलीचीं झाडें पुष्कळ गेलीं आणि चौपदरी पालखीमार्ग आला. पुण्यापर्यंतची एक दिवसाची ‘आयटी दिंडी’ काढणाऱ्या संगणकाच्या कचेरींतील तरुणांस जुने वारकरी हंसतात. आम्ही हंसत नाहीं. एक दिवस चाललेल्या मनुष्याचे पाय एक दिवस तरी दुखलेले असतात. २०२० व २०२१ सालीं साथीच्या रोगामुळें पादुका एस. टी. बसनें पंढरीस न्याव्या लागल्या. २०२२ सालीं वाट पुन्हां माणसांनीं भरून गेली. बसमध्यें बसून जी परंपरा मोडली नाहीं ती एका बाईच्या गळ्यांत वीणा घातल्यानें मोडेल, असें मानणारे गृहस्थ आमच्या मंडळींत आहेत.

गोष्ट अशी झाली. ओढ्यापलीकडच्या घरांतील एक बाई गेलीं बारा वर्षें आमच्याबरोबर येते. नवरा नाहीं, शेत नाहीं. दुसऱ्यांच्या शेतांत भांगलणीस जाऊन ती पोट भरते. भिशी ती रोख देत नाहीं. पहांटे तीनला उठून आचाऱ्याबरोबर भाकरी भाजते. हरिपाठ, काकडा, वारांचे अभंग सारें तिला मुखोद्गत. तिनें मागून चाल उचलली कीं पुढचे टाळकरी आपोआप तिच्या लयींत येतात. दिंडीची रचना ठरलेली असते: पुढें पताकावाले, मग दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या ओळी, मध्यें मृदंगी व विणेकरी, आणि मागें डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. तीही मागेंच असते. आमचे विणेकरी बोवा ऐंशीच्या घरांत आहेत. गेल्या वर्षीं बरड सोडल्यावर त्यांचे पाय सुजून पुढें पाऊल टाकवेना. वीणा जमिनीस टेकूं द्यावयाची नाहीं हा दिंडीचा कडक नियम. बोवांनीं मागें वळून पाहिलें, बाईला हांक मारली, वीणा तिच्या गळ्यांत घातली आणि तिच्या पायां पडले. ती त्यांच्या पायां पडली. नातेपुत्यापर्यंत वीणा तिच्याकडे होती.

त्या रात्रीं तंबूंत बोलाचाली झाली. एक जण म्हणाला, बाईनें वीणा धरणें आपल्या परंपरेंत नाहीं. दुसरा म्हणाला, ‘बाईचें एक वेळ चाललें असतें, पण…’ आणि तेथेंच थांबला. तें अर्धें वाक्य सर्वांनीं पुरतें ऐकलें. तिसऱ्यानें जातीचें नांव काढलें नाहीं, बाईपणाचेंही काढलें नाहीं. जी भिशी भरीत नाहीं तिच्याकडे वीणा कशी, एवढेंच विचारलें. हा तिसरा गृहस्थ आम्हांस सर्वांत आधुनिक वाटला. बोवा कोपऱ्यांत पाय शेकीत बसले होते. ते म्हणाले, ‘मग काय, खालीं टेकवूं द्यावयाची होती?’ यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु प्रश्न मिटला असेंही नाहीं. दुसऱ्या दिवशीं बोवा ट्रकमध्यें बसून पुढें गेले आणि वीणा एका टाळकऱ्यानें घेतली.

वेळापुराच्या मुक्कामीं ती बाई आमच्याकडे आली. दिंडीची वही आमच्याकडे असते. आम्हांस वाटलें, ती विणेविषयीं बोलेल. ती म्हणाली, ‘वीणा बोवांचीच हाय, दादा. माझं नांव तेवढं वहींत लिवा.’ वहींत नांव असलेल्यासच ओळखपत्र मिळतें, तंबूंत जागा धरली जाते, दवाखान्यांत न्यावें लागलें तर दिंडी जबाबदार राहते. वहीला रकाने दोन: नांव व रक्कम. रकमेच्या रकान्यांत लिहावयास कांहीं नाहीं म्हणून बारा वर्षें तिचें नांव कोणत्याच पानावर नाहीं. तिच्या भाकऱ्या आम्हीं सर्वांनीं खाल्ल्या आहेत. हिशेबांत त्या कोठेंही नाहींत.

हैबतबाबांनीं शिंद्यांच्या छावणींतून शिस्त आणली तेव्हां ‘हें परंपरेंत नाहीं’ असें कोणी म्हटलें असेल काय, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत आहे. वहीस तिसरा रकाना आंखण्यास कोणाचीही परवानगी लागूं नये. तरी आम्हीं रीतीप्रमाणें सूचना दिली आहे. नव्या वहींत ‘सेवा’ असा तिसरा रकाना आंखला असून पहिल्या ओळींत तिचें नांव, रकमेपुढें शून्य आणि सेवेपुढें ‘रोज पहांटे भाकरी, चाल लावणें’ असें शाईनें लिहिलें आहे. दोघांनीं आम्हांस घरीं येऊन सांगितलें कीं, हें पान फाडावें लागेल. बैठक वटपौर्णिमेनंतरच्या रविवारीं मारुतीच्या देवळांत आहे. बोवा येणार आहेत. ती बाईही येणार आहे, आणि आपण टाळ घेऊन येऊं असें तिनें सांगून ठेविलें आहे.